टेबलावरची लंका

दादासाहेब फाळके हे नाव उच्चारले की आपल्या डोळ्यांसमोर एक पुतळा उभा राहतो. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक, 'राजा हरिश्चंद्र', सन १९१३, आणि त्यांच्या नावाचा शासकीय पुरस्कार. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत एवढेच छापलेले असते आणि तेवढेच आपण पाठ करतो. या लेखात मला त्या पुतळ्याविषयी लिहायचे नाही. मला लिहायचे आहे ते मेणबत्ती, भिंग, कुंडी, माती आणि रंग घेऊन रात्र रात्र बसणाऱ्या एका कारागिराविषयी. कोणतीही मोठी गोष्ट हाती घेण्यापूर्वी ती लहान करून पाहायची, अशी या माणसाची रीत होती. त्यांचे चरित्र मी प्रथम वाचले ते परीक्षेपुरते. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा ते मला एका प्रतिकृतीकाराचे चरित्र वाटले. ते तसे का वाटले, हेच येथे सांगणार आहे.

मोठ्या वस्तूची मापाबरहुकूम लहान प्रतिकृती करणे हा छंद आज जगभर पसरलेला आहे. मोटारगाड्यांच्या प्रतिकृती करणारे तर देशोदेशी आहेत. चार मीटर लांबीची मोटार चोविसाव्या हिश्श्याने लहान केली की ती सुमारे सतरा सेंटिमीटरांची होते. त्रेचाळिसाव्या हिश्श्याने केली तर सव्वानऊ सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे तळहातावर मावेल एवढी. एकदा प्रमाण ठरले की मग मनमानी चालत नाही. चाक, काच, दाराची मूठ, आरसा, सारे त्याच हिशेबात बसले पाहिजे. आमच्या तीर्थपुरीच्या बाजूला उसाचा हंगाम आला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते, आणि त्याच दिवसांत पुठ्ठ्याचे, थर्माकोलचे ट्रॅक्टर करणारी पोरेही घरोघरी दिसू लागतात. त्यांच्या आधीच्या पिढीने ज्वारीच्या धाटांच्या बैलगाड्या केल्या. या पोरांत एखादा असा निघतो, की जो खऱ्या ट्रॉलीखाली वाकून एक्सल कुठे बसवला आहे ते बघून येतो आणि मगच पुठ्ठा कापतो. बाकीची पोरे खेळणे करतात; हा प्रतिकृती करतो. घरची माणसे त्याला रिकामटेकडा म्हणतात. फाळक्यांना तर त्यांचे स्नेही वेडा म्हणत असत.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. घरात पोथ्या, पाठांतर, कर्मकांड यांचे वातावरण. अशा घरातल्या मुलाने शास्त्री व्हावे अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. पण दाजीशास्त्र्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली, कुटुंब मुंबईस आले आणि धुंडिराजाची पावले १८८५ साली जे. जे. कलाशाळेकडे वळली. तेथे चित्रकलेचे प्राथमिक शिक्षण घेऊन ते थोरल्या बंधूंबरोबर, शिवरामपंतांबरोबर, बडोद्यास गेले.

बडोद्यास त्यांना मिळाले ते कलाभवन. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने आणि प्राचार्य गज्जर यांच्या कल्पकतेने १८९० मध्ये उभी राहिलेली ही संस्था म्हणजे पुस्तकी विद्या आणि हातची विद्या यांचा संगम होता. फाळके तेथे रंगचित्रण शिकले, वास्तुरचना शिकले, मातीकाम व प्रतिकृती करणे शिकले. छायाचित्रण, ठसे तयार करणे, शिळाछाप हे सारे त्यांनी त्याच काळात आत्मसात केले. त्रिरंगी ठशांचे तंत्र शिकण्यासाठी गज्जरांनी त्यांना रतलामला धाडले होते. एका माणसाने इतक्या विद्यांच्या मागे का लागावे, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला असेल. पुढे वीस वर्षांनी या सगळ्या विद्या एकाच यंत्रापुढे एकत्र आल्या, तेव्हा त्याचे उत्तर मिळाले.

सन १८९२. अहमदाबादेस औद्योगिक प्रदर्शन भरले होते. बावीस वर्षांच्या फाळक्यांनी तेथे एका आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. त्यांच्या कामावर खूष होऊन एका चाहत्याने त्यांना छायाचित्रणाचा एक किमती कॅमेरा भेट दिला. चरित्रकार या घटनेवर एखादे वाक्य खर्ची घालून पुढे जातात. मला मात्र तेथे थांबावेसे वाटते. घराची प्रतिकृती बाहेरून पाहायची असते. नाट्यगृहाची प्रतिकृती आतून पाहायची असते. ती करणाऱ्याला शेवटच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांनी रंगमंचाकडे बघावे लागते. खांब कुठे आडवा येतो, उजेड कुठून पडतो, पडदा किती उंच असावा, हे प्रश्न लाकडाच्या चार पट्ट्या जोडतानाही सुटत नाहीत. ज्या माणसाला पुढे आयुष्यभर अंधारात बसलेल्या प्रेक्षकाला काय दिसेल याचाच विचार करायचा होता, त्याची पहिली मोठी शाबासकी एका लहानशा नाट्यगृहासाठी असावी, आणि त्या नाट्यगृहामुळेच त्याच्या हाती कॅमेरा यावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

पण शाबासकीने पोट भरत नाही. फाळक्यांनी १८९५ च्या सुमारास गोध्र्यास छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. तेथे प्लेगने त्यांची पत्नी व मूल हिरावून नेले. ते बडोद्यास परतले. फोटो काढल्याने माणसाची शक्ती ओढली जाते आणि आयुष्य घटते, अशी समजूत लोकांत होती. त्यामुळे व्यवसायही बसला. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून त्यांनी दिवस काढले. याच पडत्या काळात ते जादूचे प्रयोग शिकले, आणि १९०१ मध्ये आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून प्रोफेसर केळफा या नावाने जाहीर प्रयोग करू लागले.

त्याच १९०१ साली हजारो मैलांवर, इंग्लंडातील लिव्हरपूल शहरात, फ्रँक हॉर्नबी नावाच्या एका कारकुनाने आपल्या खेळण्याचे पेटंट घेतले होते. ठरावीक अंतरावर भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, नटबोल्ट आणि चाके. मुलांसाठी म्हणून त्याने घरच्या घरी केलेला हा खेळ. बंदरातल्या याऱ्या बघायच्या आणि पट्ट्या जोडून त्यांची लहान नक्कल उभी करायची. पेटंटच्या खर्चासाठी त्याला आपल्या मालकाकडून पाच पौंड उसने घ्यावे लागले. हाच खेळ पुढे मेकॅनो म्हणून जगभर गेला. त्याच्या कारखान्यातून १९२० पासून आगगाड्यांच्या प्रतिकृती निघाल्या आणि १९३४ पासून डिंकी नावाने छोट्या मोटारीही. त्रेचाळिसाव्या हिश्श्याचे विचित्र वाटणारे माप याच घराण्यातून आले. कारण त्या आगगाड्या एका फुटाला सात मिलिमीटर या प्रमाणात होत्या आणि मोटारी त्यांच्या शेजारी शोभायला हव्या होत्या. हॉर्नबीची गोष्ट मी येथे आणली ती दुसऱ्याच कारणासाठी. त्याने नुसता माल विकला नाही. १९१६ मध्ये त्याने छंदिष्टांसाठी मासिक काढले आणि १९१९ मध्ये त्यांचे संघ एकत्र गुंफले. कोणी नवीन यंत्र जोडले तर ते कसे जोडले हे त्याने इतरांना सांगावे, अशी रीत त्यातून पडली.

ही रीत जादूगाराच्या रीतीच्या अगदी उलट आहे. जादूगाराची सारी मातब्बरी हिकमत लपवण्यात असते. प्रतिकृती करणाऱ्याचा सारा आनंद हिकमत दाखवण्यात असतो. त्याच्याकडे कोणी आले की तो गाडी उलटी करून तिचा तळ दाखवतो. फाळक्यांच्या अंगी हे दोन्ही गुण होते. त्यांतला कोणता वरचढ ठरला, हे पुढे दिसेलच.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. माहेरची गिरिजा करंदीकर सासरी सरस्वती झाली. १९०३ मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व नकाशानवीस म्हणून नोकरी लागली. सरकारी नोकरी, ठरलेला पगार. त्या काळी याहून अधिक कोणी काय मागावे? पण १९०६ मध्ये त्यांनी ती सोडली आणि लोणावळ्यास छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी शिळाछापाची कामे ते करीत. पुढे दादरला भागीदारीत लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स उभे राहिले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन आले. काम नावाजले गेले, पण भागीदाराशी पटले नाही आणि चाळिशीत आलेला हा माणूस पुन्हा रिकाम्या हातांनी घरी बसला.

या रिकामपणातच गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर येशू हलत होता आणि फाळक्यांच्या मनात त्याच्या जागी राम आणि कृष्ण हलू लागले होते. ही हकिगत सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर त्यांनी काय केले हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ते भांडवलदाराकडे गेले नाहीत, स्टुडिओसाठी जागा बघायला गेले नाहीत. त्यांनी एक लहानसे खेळणे पैदा केले. सिनेमाचे छोटे यंत्र आणि फिल्मचे काही तुकडे. रात्री मेणबत्ती लावायची, तिचा उजेड भिंगातून घ्यायचा आणि घराच्या भिंतीवर चित्रे हलवायची. विलायतेहून पुस्तके आणि किमतींची सूचिपत्रके मागवायची आणि वाचायची. दिवसा चित्रगृहांत बसून, येतील ते चित्रपट बघायचे. जो मुलगा ट्रॉलीखाली वाकून बघतो त्याचेच हे मोठे रूप! भिंतीवरच्या त्या वीतभर सिनेमात पुढचा सारा उद्योग सामावलेला होता.

या अभ्यासाची किंमत डोळ्यांनी दिली. झोप नाही, सततचा ताण, त्यात मेणबत्तीचा उजेड. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. डॉक्टर प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या साह्याने ती परत आली. याच काळात काही स्नेह्यांना त्यांच्या डोक्यावर परिणाम झाल्याची शंका येऊ लागली होती. घरखर्चाला पैसे नाहीत आणि हा गृहस्थ रात्री भिंतीशी खेळतो; त्या स्नेह्यांना तरी दोष कसा द्यावा?

अखेर आयुर्विम्याची बारा हजारांची पत्रे गहाण टाकून त्यांनी दहा हजार रुपये उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. तेथे त्यांची कोणाशी ओळख नव्हती. बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी पाहून ते आत शिरले आणि संपादक केबर्न यांना भेटले. केबर्न यांनी आधी त्यांना या फंदात न पडण्याचा सल्ला दिला. हिंदुस्थानच्या हवेत हे जमणार नाही असे त्यांचे मत होते. पण समोरचा माणूस ऐकणाऱ्यातला नाही हे ध्यानात येताच त्यांनीच फाळक्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी घालून दिली. हेपवर्थ यांनी आपल्या स्टुडिओचे सगळे विभाग त्यांना मोकळेपणाने दाखवले. हे दोघेही जेत्या राष्ट्राचे आणि हा पारतंत्र्यातील माणूस. त्यांना याच्याकडून काही मिळायचे नव्हते. तरीही त्यांनी दार उघडले, ते समोरच्याला हे सारे खरेच समजते आहे आणि तो मनापासून विचारतो आहे, एवढ्यावरून. छंदाची बिरादरी म्हणतात ती हीच. जात, धर्म, राज्य बाजूला ठेवून ती एकच गोष्ट विचारते, की तू स्वतः काही करून पाहिले आहेस काय? मेणबत्ती आणि भिंग घेऊन काढलेल्या रात्रींनी फाळक्यांना या प्रश्नाचे उत्तर मिळवून दिले होते.

पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेऊन आणि फिल्म व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून ते १ एप्रिल १९१२ रोजी परतले. आता पैसा हवा होता, आणि हलत्या चित्रांवर पैसा लावायला कोण तयार होणार? फाळक्यांनी पुन्हा लहानच गोष्ट केली. एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडेथोडे चित्रण केले. पडद्यावर ते एका दमात पाहताना माती फुटते, कोंब वर येतो, वेल डोलत वाढतो. 'अंकुराची वाढ' हे त्या लघुपटाचे नाव. नेहमीच्या प्रतिकृतीत लांबी-रुंदी लहान केलेली असते. फाळक्यांनी येथे काळच लहान केला होता. ही चिमुकली फिल्म त्यांनी निवडक मंडळींना दाखवली आणि यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहारे यांच्यासारख्यांनी कर्जाची तयारी दाखवली. अर्जविनंत्यांनी जे झाले नसते ते एका वाटाण्याने केले!

'राजा हरिश्चंद्र'च्या निर्मितीत दादरचा बंगला हेच घर, हाच स्टुडिओ आणि हीच प्रयोगशाळा होती. कथा, देखाव्यांचे पडदे, दिग्दर्शन, फिल्म धुणे, जोडणे, सारे फाळके पाहत. स्त्रीभूमिकेसाठी बायका मिळेनात. मग ग्रँट रोडच्या एका खाणावळीतील साळुंके नावाचा स्वयंपाकी तारामती झाला. दाबके हरिश्चंद्र झाले, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. सिनेमात काम करणे हलके समजले जाई, म्हणून फाळक्यांनी मंडळींना सांगून ठेवले होते, की कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगावे. परेश मोकाशी यांनी २००९ मध्ये याच नावाचा सुंदर मराठी चित्रपट केला.

या फॅक्टरीचा खरा कणा होत्या सरस्वतीबाई. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, कपडे धुणे, उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांवर उजेड परतवणे, हे तर होतेच. पण कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे आणि रसायनांत फिल्म धुण्याचे कामही त्या शिकल्या. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे असतात आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार छिद्रे लागतात. पूर्ण झालेला चित्रपट ३,७०० फूट लांबीचा होता. मी हिशेब मांडून पाहिला: ४,७३,६०० छिद्रे! वाया गेलेली फिल्म त्यात धरलेली नाही. यंत्राच्या एका दाबात काही छिद्रे एकदम पडत असली तरी हे सारे अंधारात, दिवसभराच्या रामरगाड्यानंतर करायचे. त्यातले एक छिद्र चुकले तर पडद्यावरचा राजा थरथरणार. घरातले दागिनेही या कामी लागलेच. छंद एकाचा असतो, पण त्याचे ओझे घरातली दुसरी कोणीतरी उचलते, हे फाळक्यांचे गुणगान करताना आपण सोयीस्करपणे विसरतो. सरस्वतीबाईंनी नुसते ओझे उचलले नाही, त्या ते काम शिकल्या. म्हणून त्यांना फाळक्यांची सहधर्मचारिणी म्हणण्यापेक्षा सहकारागीर म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

सहा महिने सत्तावीस दिवसांत चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी तो दाखवला गेला. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. बिऱ्हाड नाशिकला हलले. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' आले. १९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, तेथे त्यांचे कौतुक झाले, तेथेच राहून काम करण्याविषयी विचारणा झाली. पण ते परतले. तोच पहिले महायुद्ध पेटले. पैशाचे झरे आटले, कच्ची फिल्म दुर्मीळ झाली. अशा टंचाईत त्यांनी काय करावे? त्यांनी आगकाड्यांची चित्रफीत केली! एकेक काडी हलवायची, एकेक चित्र घ्यायचे. पडद्यावर काड्या आपोआप नाचतात. 'आगकाड्यांची मौज' हे तिचे नाव. नट नकोत, देखावे नकोत. एक पेटी आणि पुष्कळशी चिकाटी.

आणि मग १९१७ साली 'लंका दहन'. या चित्रपटात तोच साळुंके रामही होता आणि सीताही. मारुती उड्डाण करतो आणि ढगांत वर जाता जाता पडद्यावर लहान लहान होत जातो. लंका जळते ती टेबलावर मांडलेल्या प्रतिकृतीतून. पुढे स्वतः निर्माते झालेले जे. बी. एच. वाडिया यांनी हा चित्रपट पाहिला होता आणि ही दोन्ही दृश्ये पाहून आपण थक्क झाल्याची आठवण त्यांनी नमूद केली आहे.

टेबलावरची लंका जाळणे वाटते तेवढे सोपे नाही. वाडे, बुरूज, गोपुरे लहान करता येतात. पण ज्योत लहान होत नाही. जाळ आपल्याच मापाने जळतो. शिवाय लहान वस्तू फार लवकर पडते. सोळाव्या हिश्श्याची भिंत खऱ्या भिंतीच्या पाव वेळातच जमिनीवर येते आणि प्रेक्षकाला कळून चुकते, की हे खेळणे आहे. म्हणून अशी दृश्ये घेताना कॅमेरा नेहमीपेक्षा वेगाने फिरवावा लागतो, म्हणजे पडद्यावर पडणे संथ आणि भारदस्त वाटते. तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवायचा. हाताचा वेग हाच हिशेब. अहमदाबादच्या प्रदर्शनात लहानसे नाट्यगृह मांडणारा तरुण पंचवीस वर्षांनी लहानशी लंका मांडून बसला होता. फरक इतकाच, की पहिल्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले आणि दुसरीला लोकांनी नमस्कार केला. राम पडद्यावर आला की प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढून ठेवीत, असे सांगतात.

आता जादूगार आणि प्रतिकृतीकार यांच्याविषयी मी वर जे म्हटले त्याकडे येतो. एवढ्या चमत्कारांचे गुपित हाती असलेल्या माणसाने ते तिजोरीत ठेवले असते तर कोणी काही म्हटले नसते. धंद्याच्या दृष्टीने तेच शहाणपणाचे होते. पण ज्या १९१७ साली लंका जळाली त्याच वर्षी फाळक्यांनी 'चित्रपट कसा तयार करतात' नावाची एक छोटी चित्रफीत केली आणि तीत आपला कारखानाच लोकांपुढे उघडा केला. त्याच सुमारास 'नवयुग' मासिकात लेखमाला लिहून आपण कसे शिकलो, काय सोसले, कोठे अडलो हे सांगितले. देशात हा धंदा वाढावा आणि तो देशी हातांत राहावा, ही त्यामागची तळमळ. प्रोफेसर केळफा मागे राहिला. गाडी उलटी करून तळ दाखवणारा कारागीर पुढे आला. लिव्हरपूलचा हॉर्नबी त्याच वर्षांत मासिकातून मुलांना पट्ट्या कशा जोडाव्यात हे सांगत होता. दोघांना एकमेकांची खबरबातही नसावी. पण दोघांची जातकुळी एकच.

यानंतरचे दिवस चढउताराचे आहेत. भागीदारांसह नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. 'श्रीकृष्ण जन्म' आणि 'कालिया मर्दन' यांत त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली; कालिया नाग अर्थातच बनावट, पण ती पोर त्याच्याशी पाण्यात झुंजते तेव्हा आजही आपण क्षणभर श्वास रोखतो. भागीदारांशी बिनसले तेव्हा १९२० च्या सुमारास फाळके काशीस जाऊन राहिले. तेथेही स्वस्थ न बसता त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले आणि १९२२ मध्ये ते परतले. तोवर चित्रपट हा हातकाम राहिला नव्हता. मोठे स्टुडिओ, मोठे भांडवल, वाटून दिलेली कामे. १९३१ मध्ये चित्रपट बोलू लागला. त्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून सुरू झाला आणि जग बोलके झाल्यामुळे त्याला मागाहून आवाज द्यावा लागला. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, १९३७ मध्ये, कोल्हापूरला त्यांनी 'गंगावतरण' हा आपला एकमेव अस्सल बोलपट केला आणि तो शेवटचा ठरला. शंभराहून अधिक लहानमोठे चित्रपट करणारा हा माणूस १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला, गर्दीपासून आणि संपत्तीपासून दूर, निवर्तला. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये, पंचवीस वर्षांनी.

या चरित्रातून प्रत्येकाने हट्टाने फकीर व्हावे असा बोध मी काढीत नाही. ज्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा पहिलाच मुलगा असतो, त्यांना असा बोध परवडतही नाही. तेथे प्रत्येक तासाला, प्रत्येक रुपयाला विचारणारे कोणी असते आणि ते विचारणे रास्त असते. पण हाताने केलेल्या लहान गोष्टीला रिकामपणाचा उद्योग म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे, एवढे मात्र मला फाळक्यांमुळे वाटते. ट्रॉलीचा एक्सल पुठ्ठ्यात बसवणारा मुलगा मापे शिकतो, वजन कोठे येते ते शिकतो, आणि आपल्याला जमलेले शेजारच्याला दाखवायला शिकतो. यांतली शेवटची गोष्ट वर्गातही सहसा शिकवली जात नाही.

फाळक्यांच्या चित्रपटांपैकी बहुतेक आज नाहीत. त्या काळची फिल्म स्वतःच भयंकर ज्वालाग्राही असे; काही जळली, काही कुजली, काही नुसतीच हरवली. 'राजा हरिश्चंद्र'चा काही भाग राहिला आहे, 'लंका दहन'चे थोडेसे तुकडे, 'कालिया मर्दन' बराचसा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने हे अवशेष जपले. त्यांत 'चित्रपट कसा तयार करतात'मधली दृश्येही आहेत. इतके देव, दानव आणि राजे काळाच्या उदरात गेले. पण डोळ्यांसमोर फिल्मची पट्टी धरून एकेक चित्र निरखणारे फाळके तिथे अजून दिसतात. प्रेक्षकाकडे त्यांचे लक्ष नसते. ते आपले काम करीत असतात आणि ते कसे करायचे, हे कोणालाही बघता येते.